आधी मराठीत सांग

उदय,

आज पुन्हा तेच झालं. अहवालातलं एक वाक्य मी मोठ्याने वाचलं आणि सवयीने तुझ्या खुर्चीकडे बघून थांबले. खुर्चीवर कुणीतरी कुरियरची खोकी रचून ठेवली आहेत. भिंतीपलीकडे पँट्रीतलं चहाचं मशीन घरघरत होतं. मग उठून ती खोकी जमिनीवर ठेवली. दुपारी परत आले तर कुणीतरी ती पुन्हा खुर्चीवर चढवली होती.

तुझं तेरावं होऊन गेलं. ऑफिसने तुझ्याबद्दल इंग्रजीत एक मेल काढली, सगळ्या शाखांना पाठवली. मी ती तुझ्या पद्धतीने मनातल्या मनात मराठीत करून बघितली. शेवटी हाती एवढंच उरलं, की तू कंपनीची मौल्यवान मालमत्ता होतास. तू असतास तर लगेच विचारलं असतंस, मालमत्ता होतो तर दरवर्षी घसारा किती धरलात? मी एकटीच हसले. दाराबाहेरच्या टेबलावरच्या मुलीने माझ्याकडे काळजीने पाहिलं. तेव्हापासून ती मला न विचारता पाणी आणून देते.

आपलं काम लोकांना समजावून सांगताना आपली नेहमी पंचाईत व्हायची. वायरी बनवणारी कंपनी, तिचं लोअर परळमधलं काचेचं ऑफिस आणि त्यात पँट्रीशेजारच्या खोलीत बसलेले आपण दोघं. कंपनीने वर्षभरात समाजासाठी काय केलं, कुठे कमी पडली, हे दरवर्षी अहवालात छापायचं. शब्द माझे, आकडे तुझे. गिरगावात आमच्या मजल्यावरच्या बायकांना वाटायचं मी जाहिराती लिहिते. मी ते खोडून काढत नसे, कारण माझंही मत त्याहून फार वेगळं नव्हतं.

पहिल्या वर्षीची आठवण आहे ना तुला? मी लिहिलेला मसुदा घेऊन तू आलास. नवीन ओळख, म्हणून अगदी अदबीने ‘मॅडम’ म्हणालास. मग एका वाक्यावर बोट ठेवलंस आणि म्हणालास, हे जरा मराठीत सांगता का? मला राग आला. नाकाने कांदे सोलणारा हा कोण हिशेबवाला, असं वाटलं. पण सांगायला गेले, तर त्या झोकदार इंग्रजी वाक्याचं मराठीत होईना. होत होतं ते इतकं हास्यास्पद होतं, की ‘आम्ही हजारो लोकांच्या आयुष्याला हात लावला’ असं म्हणून मीच तोंडावर हात ठेवला. तू हसला नाहीस. शांतपणे विचारलंस, आम्ही म्हणजे कोण? आणि हात लावला म्हणजे नेमकं काय केलं? त्या दिवशी अर्धा मसुदा गळून पडला.

मग तो आपला नियमच झाला. अहवाल इंग्रजीत, पण प्रत्येक वाक्य आधी मराठीत, तेही मोठ्याने. घरी गेल्यावर आईला सांगता येईल असं असेल तर ठेवायचं, नाहीतर काढायचं. या खोलीत मी इतकी वर्षं दुसऱ्याला ऐकू जाईल असं बोलत आले. आता गप्प बसून लिहायचं म्हणजे काय, हेच मला समजत नाही.

वाद मात्र आपला त्या नियमाच्या पलीकडचा होता. माझं म्हणणं सुरुवातीपासून एकच. अहवाल म्हणजे चेहऱ्यावरची पावडर. हत्तीचे दाखवायचे दात. कंपनी कमावते तिच्या वायरींवर, आणि कायदा मानगुटीवर बसलाय म्हणून नफ्यातला ठरलेला वाटा समाजावर खर्च करते. त्याचं गाणं गायला आपण ठेवलेले. समाजसेवेची पदवी घेऊन आलेली मी हे बोलायचे, आणि जमाखर्चात आयुष्य घालवलेला तू म्हणायचास की नाही, या अहवालाला बाजारात किंमत आहे, ती मोजता यायला हवी. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं आपल्या खुर्च्या चुकून अदलाबदल झाल्यात.

किती कंपन्यांचे अहवाल तू चाळलेस! एका बाजूला त्यांनी काय सांगितलं, दुसऱ्या बाजूला त्यांचा नफा, कर्जावरचं व्याज, शेअरचा भाव. मी तुला चिडवायचे, की ज्यांचं बरं चाललंय तेच दानधर्म करतात आणि गुळगुळीत कागदावर छापतात. मग अहवालामुळे बरं चाललं, की बरं चाललं म्हणून अहवाल छापला? तू डोकं खाजवायचास. हाच खरा प्रश्न आहे गो बाय, म्हणायचास. छातीठोक उत्तर तुला शेवटपर्यंत मिळालं नाही आणि तू तसं कबूलही करायचास. इतक्या वर्षांत मी जिंकले असं मात्र मला एकदाही वाटलं नाही. हरणाऱ्या माणसाचा चेहरा तुला करताच यायचा नाही.

तुझा हा हट्ट कुठून आला ते एकदाच बोललास. तुझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद होताना कामगारांना जे जे सांगितलं गेलं ते सगळं तोंडी. कुणाचं नाव नाही, कुठे कागद नाही. पुढे विचारायला गेले तर सांगणारेच जागेवर नव्हते. ‘लिहिलेलं असतं ना, तर कुणाच्या तरी सदऱ्याला धरता आलं असतं,’ तू म्हणालास. कंपन्या चांगल्या असतात असा तुझा कधीच दावा नव्हता. छापलेलं वाक्य म्हणजे तुझ्या लेखी सदऱ्याची कॉलर होती.

मध्यंतरी बँकेने कंपनीला कर्ज देताना नवी अट घातली. ठरवलेली सामाजिक उद्दिष्टं पुरी झाली आणि अहवालात तसं तपासून दाखवलं, तर व्याजात सवलत. नाही झाली, तर सवलत बंद. त्या संध्याकाळी तू इतका खुशीत होतास की लालबागला चिवडा गल्लीत शिरून पुडा घेतलास आणि चालता चालता खाल्लास. बघ, माझ्यासमोर पुडा धरत म्हणालास, आता तुझ्या पावडरीला भाव आला.

ती चाल. ऑफिसातून निघायचं, करी रोडचा पूल चढून लालबागला उतरायचं. तिथून मी गिरगावची बस पकडायचे आणि तू पुढे घोडपदेवला चालत जायचास. मधे मसाला गल्ली. मिरच्या भाजत असायच्या, मसाला कुटणारे डंख चालू असायचे आणि आपला वाद ऐन रंगात आलेला असायचा. तिथे पोचलो की दोघांनाही ठसका लागायचा. तू रुमाल नाकाला लावायचास, मी पदर. गल्ली संपेपर्यंत तह. आणि पलीकडे गेल्यावर तू पहिलं वाक्य बोलायचास ते असं काही चोख, की मला कळायचं, खोकत असतानाही या माणसाचं डोकं चालू होतं. मी तुला म्हटलंही होतं, हा चीटिंगचा प्रकार आहे.

तिथेच आपलं शेवटचं भांडण झालं.

रे रोडला लाकडाच्या वखारींमागे आपलं केंद्र होतं, मुलींना रुग्णसेवेचं शिक्षण देणारं. तुझं लाडकं. बँकेच्या यादीत तेही एक उद्दिष्ट होतं. वर्षाच्या मध्यावर जागेचा करार संपला, आणि आपल्या साहेबांनी तो वाढवला नाही. ते पैसे ऑफिससमोरच्या चौकाच्या सुशोभीकरणाला गेले. तिथे फोटो चांगले येतात. मुली अर्धा अभ्यासक्रम सोडून घरी गेल्या. आणि अहवालासाठी साहेबांनी स्वतः एक वाक्य लिहून पाठवलं, की केंद्राचं नव्या स्वरूपात स्थित्यंतर सुरू आहे. मी ते वाचलं. तू म्हणालास, आधी मराठीत सांग. मी म्हणाले, कुलूप आहे.

आपण हसलो नाही तेव्हा.

चालताना मी तुला समजावत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला आलास, कशाला अंगावर घेतोस, वाचतंय कोण? तू म्हणत होतास, बँक वाचते. तुझा हिशेब सरळ होता. बंद पडलं असं लिहिलं तर बँक विचारेल. बँकेने विचारलं की करारात दुरुस्तीला मुदत आहे. त्या मुदतीत केंद्र पुन्हा उघडणं हे सवलत घालवण्यापेक्षा स्वस्त पडेल, मग साहेब स्वतः उघडतील. आणि स्थित्यंतर लिहिलं, तर सगळे खूश आणि कुलूप कायमचं. मी म्हटलं, तू उंटावरचा शहाणा आहेस, असं कधी होत नसतं. तू काहीतरी बोलणार होतास, तेवढ्यात मिरच्या आल्या. गल्ली संपली तर समोर माझी बस उभी. मी धावत चढले आणि दारातून ओरडले, उद्या बोलू. तू रुमाल हलवलास.

सकाळी तुझ्या शेजाऱ्यांचा फोन आला.

मसाला गल्लीच्या पलीकडे तू काय बोलणार होतास, उदय? इतकी वर्षं त्या टोकाला मी एक वाक्य ऐकत आले आणि नेमकं शेवटचं माझ्या बसने खाल्लं. मी चिडूनच गेले, असं वाटून तू घरी गेलास का, याने मला दिवसचे दिवस खाल्लं. विचारायचं कुणाला? आपल्याबद्दल ऑफिसात कुजबुज करणारे पुष्कळ होते, पण तुझ्याबद्दल बोलायला माझ्याकडे कुणी नाही. बायको गेली तर माणसाला रजा मिळते. भाऊ गेला तर मिळते. शेजारच्या खुर्चीवरचं माणूस गेलं तर दुसऱ्या दिवशी मीटिंग असते. मी त्या मीटिंगला बसले होते.

तेराव्यानंतर पुन्हा एकदा घोडपदेवला गेले. तेराव्याला गर्दी होती, तेव्हा तुझ्या आईशी धड बोलता आलं नव्हतं. आता घरात त्या एकट्याच. तुझी चप्पल अजून दाराशी आहे, त्यांनी ती कुणाला हलवू दिलेली नाही. मला त्यांनी कोकम सरबत दिलं आणि माझा हात धरून बसल्या. आणि तेव्हा मला कळलं, आपला नियम तू कुठून आणला होतास.

‘जेवताना माका सगळा सांगी,’ त्या म्हणाल्या. ‘आज ह्या लिवला, आज ता काढून टाकला. माका सगळा काय कळणा नाय, पण तेचो आवाज आयकूक बरो वाटा. आता जेवताना घरात कोण बोलणा नाय.’

म्हणजे तू मला ‘आईला सांगता येईल का’ म्हणायचास ते उगाच बोलण्याची पद्धत म्हणून नव्हे. रोज खरंच सांगावं लागायचं तुला. मी लिहिलेली वाक्यं तुमच्या घरात, पाटावर बसून, मालवणीत बोलली गेली होती आणि मला पत्ता नव्हता. किती वर्षं मला वाटलं माझं लिहिणं कुणी वाचत नाही.

मग मी धीर करून विचारलं, त्या संध्याकाळी तो कसा होता.

‘हसत इलो. म्हणालो, आये, मंजिरी आज भांडली. पण उद्या ऐकतली.’

मी तिथेच रडले. तेराव्याला रडले नव्हते. तुझ्या आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं तर तो मी त्यांच्या पाठीवरून फिरवायला हवा होता. सगळं उलटंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मसुद्यात मी ‘केंद्र बंद पडलं’ असं लिहिलं होतं आणि त्यांनी ते लाल करून परत पाठवलं होतं. साहेब तसे वाईट नाहीत, तुलाही माहीत आहे. दादरचे, नाटकवेडे, बोलायला गोड. मला खुर्ची दिली, तुझी विचारपूस करावी तशी तुझी आठवण काढली आणि म्हणाले की उदय असता तर त्याने कंपनीची अडचण समजून घेतली असती. तिथे माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं, आणि तेही तुझ्या तोंडी! तुला आला असता तो राग मला आला. मी त्यांच्याच वाक्याचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

‘साहेब, हे आधी मराठीत सांगा.’

ते हसले. म्हणाले, हे काय, उदयचं खूळ तुम्हालाही लागलं का. मी हसले नाही. मग त्यांनी कागद उचलला आणि सुरुवात केली. केंद्राचं, म्हणजे, जे आपलं केंद्र आहे, ते आता... दोनदा प्रयत्न केला. नाटकात काम केलेला माणूस, पण शब्द मिळेना. मग कागद खाली ठेवला.

‘बंद आहे,’ ते म्हणाले.

मग मी तुझा हिशेब मांडला, शब्दाला शब्द. बँक, सवलत, दुरुस्तीची मुदत. मला वाटलं होतं ते मला बाहेर काढतील. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. सवलत गेली तर जे जादा व्याज भरावं लागेल, त्याच्या एका कोपऱ्यात केंद्राचं भाडं आणि शिकवणाऱ्यांचे पगार बसत होते. त्यांनी दोनदा गणित केलं. चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हतं, भाजी स्वस्त मिळाल्यावर माणसाचं जे होतं तेवढंच. मग जागामालकाला फोन लावायला सांगितलं.

जुनी जागा गेली आहे. तिथे आता कुणीतरी प्लायवूड भरलंय. दोन गल्ल्या सोडून एक छोटी खोली मिळाली. सगळ्या मुली परतल्या नाहीत. एकीचं लग्न ठरलं, काही जणी दुकानात कामाला लागल्या. पण उरलेल्यांची बॅच सुरू झाली, मी परवा बघून आले. एक मुलगी पुतळ्याला पट्टी बांधत होती आणि चुकत होती आणि बाई तिला पुन्हा सोडायला लावत होत्या. अहवालात वाक्य तसंच राहिलं, की केंद्र बंद पडलं होतं आणि कंपनीने ते बंद पाडलं होतं. त्यापुढे एवढंच, की ते पुन्हा उघडलं. साहेबांनी सही केली.

तर तू जिंकलास. एका केंद्रापुरतं, एका कर्जापुरतं. सगळ्या जगाचं उत्तर यातून मिळत नाही, हे तूच आधी म्हणाला असतास. मी म्हणाले असते, हा काही चांगुलपणा नव्हे, निव्वळ व्याजाचा हिशेब आहे. तू म्हणाला असतास, चांगुलपणा मागितलाय कुणी? आणि आपण पुन्हा पुलावरून लालबागपर्यंत भांडलो असतो. सही झाली त्या संध्याकाळी मी निघाले ती तुला सांगायच्या घाईतच निघाले. पूल उतरेपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, काय चिडवायचं, कुठे माघार घ्यायची. मसाला गल्लीत ठसका लागला. पदर लावून पलीकडच्या टोकाला गेले आणि उभी राहिले. बस आली आणि गेली. लोक मला वळसा घालून जात होते. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्यापुढे हार मानायची होती आणि ती घ्यायला कुणी नव्हतं.

आता एकच काम उरलंय. अहवालाच्या शेवटच्या पानावर तुझ्यासाठी चार ओळी लिहायला साहेबांनी मला सांगितलंय. इंग्रजीत लिहिल्या. मग खोलीचं दार लावून एकेक मराठीत मोठ्याने म्हटली. निष्ठा, योगदान, पोकळी, सगळं गळून पडलं. शेवटी एक ओळ टिकली, की आम्हाला उदयशिवाय करमत नाही. ती लिहिली आणि लगेच तुझा आवाज आला, आम्ही म्हणजे कोण?

खरंय. साहेबांना करमतंय. ज्यांनी खुर्चीवर खोकी ठेवली त्यांना करमतंय. पण कंपनीच्या अहवालात ‘मी’ लिहिता येत नाही. त्या पानावर मी तुझं नाव आणि ‘केंद्र पुन्हा उघडावं असं यांचं म्हणणं होतं’ एवढंच ठेवलं. तेवढ्याला पुरावा आहे. उरलेलं वाक्य तिथे बसेना, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आपण इतकी वर्षं शेजारी बसलो आणि हा विषय कधी काढला नाही. मी काढला नाही, तूही नाही. काढला असता तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, म्हणून आधीच मराठीत सांगते.

मला तुझ्याशिवाय करमत नाही, उदय. मला. मंजिरीला.